कूलरला हात लावला की मुंग्या का येतात? रोध, वाहकत्व आणि शॉकपासून बचाव



मार्च संपत आला की आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावर किंवा अंगणात पोत्याखाली झाकून ठेवलेला पत्र्याचा कूलर बाहेर काढायचा, गंज खरवडायचा, जमलं तर रंगाचा एक हात मारायचा, जुनी ताटी काढून नवा वाळा किंवा गवत भरायचं, खिडकीला लावायचा आणि पाणी ओतून बटण दाबायचं. पारा बेचाळीसच्या पुढं गेला की कूलर ही चैन राहत नाही, गरज होते.

अशाच दिवसांत नववीच्या वर्गात 'धाराविद्युत' या पाठाची उजळणी घेत होते. ओहमचा नियम फळ्यावर लिहिला, दोन उदाहरणं सोडवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या कूलरला हात लावला की मुंग्या आल्यावाणी होतंय. पण पायात चप्पल असली की काहीच होत नाही. असं का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याच्या त्या एका वाक्यात अख्खा पाठ होता, आणि त्या घरातल्या माणसांच्या जिवाला असलेला धोकाही. आजचा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. पालकांनी सूत्रांना घाबरू नये. भागाकार येत असेल तर पुरे.

रोध म्हणजे नेमकं काय?

आपण वर्गात पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतो. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे विभवांतर, व्होल्टमध्ये मोजतात. नळातून प्रत्यक्ष वाहणारं पाणी म्हणजे विद्युतधारा, म्हणजे आपला 'करंट', तो ॲम्पिअरमध्ये. आणि नळीची अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये. नळी बारीक असेल, लांब असेल, आतून क्षार धरलेली असेल तर पाणी कमी येतं. तारेचंही तसंच. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो, आणि तार कशाची आहे यावर तर फारच अवलंबून असतं.

हे उदाहरण एका ठिकाणी लंगडं पडतं, ते मुलांना जरूर सांगा. नळी कापली तर पाणी सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही. विजेला जायला आणि परत यायला पूर्ण वाट लागते, म्हणजे परिपथ. ही गोष्ट पुढं शॉकच्या वेळी फार कामाला येणार आहे.

सूत्र साधं आहे: विद्युतधारा = विभवांतर ÷ रोध. आपल्या घरात विभवांतर ठरलेलं असतं, २३० व्होल्ट. म्हणजे करंट किती वाहणार हे फक्त रोधच ठरवतो. ज्यांनी हा नियम शोधला ते गेओर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. बाप कुलपं बनवणारा कारागीर. ओहम यांनी आपलं पुस्तक १८२७ साली छापलं, पण तिथल्या विद्वानांनी सुरुवातीला त्याची फारशी कदर केली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना कोपले पदक दिलं ते १८४१ साली. शाळामास्तराचं म्हणणं लोकांना उशिरा पटतं, हा अनुभव तसा जुनाच आहे म्हणायचा.

आता वाहकत्व. रोध म्हणजे अडवणूक, तर वाहकत्व म्हणजे वाट देणं. एक भागिले रोध केलं की वाहकत्व मिळतं. रोध २ ओहम असेल तर वाहकत्व अर्धा सीमेन्स. या एककाला पूर्वी 'म्हो' म्हणत. 'ओहम'ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की 'म्हो' होतं, दुसरं काही नाही! १९७१ साली त्याचं अधिकृत नाव सीमेन्स झालं. मुलांना हा उलटा शब्द सांगितला की संकल्पना पक्की लक्षात राहते.

कोणता पदार्थ किती वाट देतो? तांब्याचा रोध एक धरला, तर तितक्याच लांबी-जाडीच्या ॲल्युमिनिअमचा सुमारे दीडपट, लोखंडाचा जवळपास सहापट आणि शेगडीतल्या नायक्रोमचा साठपटीहून जास्त. म्हणून घरात तांब्याची वायर, खांबावर हलकी आणि स्वस्त ॲल्युमिनिअमची तार, आणि शेगडीत नायक्रोम. शेगडीत रोध हवाच असतो, कारण त्यातूनच उष्णता निघते. बोअरच्या मोटारीला नको असतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध १०० मीटरला सुमारे १.७ ओहम भरतो. बोअर शंभर मीटर लांब असेल तर जाणारी आणि येणारी मिळून २०० मीटर वायर, म्हणजे ३.४ ओहम. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर साधारण ६ ॲम्पिअर ओढते. ६ गुणिले ३.४, म्हणजे वीसएक व्होल्ट वायरीतच संपले. मोटर गुरगुरते, तापते, आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हीच घट आठ व्होल्टवर येते. दुकानदार 'चालतंय की' म्हणत बारीक वायर देतो, तेव्हा हा हिशेब आठवावा.

माणसाचा रोध किती?

ओहम यांच्याही आधी, हेन्री कॅव्हेन्डिश नावाचे इंग्लंडमधले एक शास्त्रज्ञ मिठाच्या पाण्याचं वाहकत्व मोजायला स्वतःचंच शरीर मीटर म्हणून वापरत. दोन पाण्यांतून शॉक घ्यायचा आणि कोणता जास्त जोरात बसला ते ठरवायचं! त्यांनी हे बरंचसं छापलंच नाही. जवळपास शंभर वर्षांनी, १८७९ साली, मॅक्सवेल यांनी त्यांच्या वह्या संपादित करून प्रसिद्ध केल्या. त्यांचे निष्कर्ष आश्चर्य वाटावं इतके बरोबर निघाले. तो प्रयोग आपण अर्थातच करायचा नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: माणूस हा परिपथातला एक रोधच आहे.

आपल्या शरीराच्या आत खारं पाणी आहे, त्यामुळे आतला रोध फार कमी, काहीशे ओहम. बाहेरची कातडी मात्र बरीच अडवणूक करते, जर कोरडी असेल तर. घाम आला, हात ओले झाले, कातडी खरचटलेली असली की ही भिंत पडते. शिवाय २३० व्होल्टला कोरडी कातडीही नीट टिकत नाही. म्हणून हिशेबाला माणसाचा रोध सुमारे १,००० ओहम धरावा.

करंट किती लागतो? हजारांश ॲम्पिअरला मिलिॲम्पिअर म्हणतात. साधारण १ मिलिॲम्पिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते आणि पकडलेली वस्तू सोडताच येत नाही. लोक म्हणतात 'विजेनं ओढून घेतलं'. वीज ओढत नाही, आपलाच हात सोडत नाही. लेकरांना तर याहूनही कमी करंट पुरतो. ३० च्या वर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात, आणि ५० ते १०० मिलिॲम्पिअर सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटून माणूस जाऊ शकतो. तुलनेला सांगते, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब २६० मिलिॲम्पिअर घेत होता. एका बल्बाच्या करंटात माणसाला मारायची ताकद आहे.

आता त्या मुलाच्या कूलरकडे येऊ. समजा कूलरच्या पत्र्यात पूर्ण २३० व्होल्ट उतरलेत.

चप्पल घालून हात लावला, तर रबराच्या कोऱ्या चपलेचा रोध दहा लाख ओहमच्या वर. २३० भागिले १०,००,००० म्हणजे ०.२३ मिलिॲम्पिअर. कळतसुद्धा नाही.

अनवाणी, पण कोरड्या फरशीवर: फरशीचा रोध एक लाख ओहम धरू. करंट होतो २.३ मिलिॲम्पिअर. मुंग्या!

तोच मुलगा, तोच कूलर, पण कूलरमध्ये पाणी भरताना बादली हिंदकळली आणि फरशी ओली झाली. आता फरशीचा रोध एक हजार, अंगाचा एक हजार. २३० भागिले २,००० म्हणजे ११५ मिलिॲम्पिअर.

कूलर बदलला नाही, व्होल्ट बदलले नाहीत. फक्त फरशी पुसली की नाही एवढाच फरक, आणि त्यात मुंग्या येणं आणि जीव जाणं यांतलं अंतर संपलं. म्हणूनच 'जरा झिणझिण्या येतात, बाकी काही नाही' हे वाक्य घरात ऐकू आलं की कूलर तिथंच बंद करून प्लग काढायचा. कमी झिणझिण्या म्हणजे कमी बिघाड, असं मुळीच नाही. आणि कूलरजवळची फरशी ओली नसेल तर कुठली असेल? त्यातून आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही, क्षारयुक्त पाणी भरपूर देतं.

टेस्टरचंही गणित असंच आहे. त्यात सुमारे दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो, म्हणून आपल्या अंगातून न कळेल एवढाच करंट जातो आणि आतला छोटा दिवा लागतो. ओल्या हातानं टेस्टर धरू नये, आणि दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही अशी खात्रीही धरू नये.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे"

पालकांच्या बैठकीत हे उत्तर हमखास येतं. मित्रांनो, इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एमसीबी किंवा वितळतार वायरिंगला वाचवते, माणसाला नाही. ६ ॲम्पिअरची एमसीबी ६ ॲम्पिअरच्या वर करंट गेला तरच पडणार. माणूस मरतो ०.१ ॲम्पिअरला. एमसीबीच्या दृष्टीनं तो एक छोटासा बल्ब लागलाय, बाकी काही नाही. फ्यूजमध्ये जाड तार पिळून टाकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. तिथं घरही वाचत नाही.

मग माणसाला वाचवायला काय? पहिली गोष्ट अर्थिंग, पाठ्यपुस्तकातली भूसंपर्क तार. तीन पिनच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते ती काही शोभेला नाही. प्लग खुपसताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणून ती लांब. तिची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते.

इथं मुलं एक छान प्रश्न विचारतात: वीज जमिनीकडं का धावते? आपण सवयीनं 'जमीन वीज शोषून घेते' असं सांगून मोकळं होतो. ते बरोबर नाही. गावातल्या डीपीवर ट्रान्सफॉर्मरची तटस्थ तार जमिनीत पुरलेली असते. म्हणून फेजमधून निघालेला करंट माणसातून, फरशीतून, जमिनीतून परत त्या डीपीकडं जातो. परिपथ तिथं पूर्ण होतो. नुसत्या तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक बसत नाही तो याचमुळं. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, परतीची वाट नाही.

अर्थिंग चांगलं असेल, म्हणजे पत्र्यापासून जमिनीतून डीपीपर्यंतच्या वाटेचा रोध समजा २ ओहम असेल, तर पत्र्यात फेज उतरताच २३० भागिले २, म्हणजे ११५ ॲम्पिअर वाहतील आणि एमसीबी क्षणात पडेल. बिघाड झाला, वीज गेली, माणूस वाचला. हेच तर हवंय. माणसाच्या हजार ओहमच्या शेजारी दोन ओहमची मोकळी वाट देऊन ठेवायची, हीच अर्थिंगमागची युक्ती.

पण आपल्याकडं गोची दोन ठिकाणी होते.

एक, ती हिरवी वायरच नसते. एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच भोकं, म्हणून तीन पिनचा प्लग काढून दोन पिनचा बसवला जातो आणि हिरवी वायर कापून टाकतात. किंवा भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागं तारच जोडलेली नसते. बाहेरून सगळं छान दिसतं.

दोन, आपली जमीन. काळी माती ओली असताना विजेला फार चांगली वाट देते. पण उन्हाळ्यात तिचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आकसते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि मधे हवा येते. हवा म्हणजे दुर्वाहक. बऱ्याच ठिकाणी तर चार-पाच फुटांखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, त्याचा रोध मातीच्या कित्येक पट. म्हणजे पावसाळ्यात ५ ओहमचं असणारं अर्थिंग मे महिन्यात ५० ओहमचं होऊ शकतं, आणि कूलर नेमका मे महिन्यातच चालतो!

५० ओहमला काय होईल? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ ॲम्पिअर. ६ ॲम्पिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही. पत्रा तसाच विजेनं भरलेला राहील. वर तासाला साधारण एक युनिट जमिनीत जात राहील. बिल अचानक का वाढलं याचं हेही एक कारण असू शकतं.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकतात आणि वरून पाणी ओततात, ते ओल आणि क्षार टिकावेत म्हणून. मीठ फार झालं तर पाइपच गंजून जातो, म्हणून दर दोन-चार वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यावं. आता पाणी कुठून आणायचं? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. त्या उन्हाळ्यात कुणाला 'अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता' म्हणायची माझी तरी छाती झाली नसती. पण भांडी विसळलेलं पाणी, किंवा कूलरच्या तळाचं आठवड्याला फेकून देतो ते क्षाराचं पाणी खड्ड्यात गेलं तर उत्तमच. खरकट्या पाण्याला यापेक्षा चांगलं काम सापडणार नाही.

आरसीसीबी: न बोलणारा पहारेकरी

काळ्या जमिनीच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून दुसरी गोष्ट. तिला आरसीसीबी म्हणतात. दुकानात अजूनही बरेच जण 'ईएलसीबी' म्हणतात, तसं मागितलं तरी चालेल. दिसायला एमसीबीसारखीच, पण अंगावर टेस्ट लिहिलेलं एक छोटं बटण असतं.

तिचं काम हिशेबनिसासारखं आहे. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, हे ती सतत ताडून बघते. दोन्ही सारखे असले की सगळं ठीक. गेले पाच ॲम्पिअर आणि आले पाचला थोडे कमी, तर मधले कुठं गेले? कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत! तो फरक ३० मिलिॲम्पिअरपर्यंत पोचायच्या आत-बाहेर ती सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तोडते. वरच्या उदाहरणात ४.६ ॲम्पिअर जमिनीत जात होते. एमसीबीला ते कळलं नाही, आरसीसीबीला ते दीडशे पटीनं जास्त. म्हणजे अर्थिंग कमकुवत असलं तरी ती काम करते. अर्थिंग अजिबात नसेल तर माणसाचा हात लागेपर्यंत ती गप्प बसेल आणि हात लागल्यावर पडेल. झटका बसेल, पण बहुधा जीव वाचेल. म्हणून दोन्ही हवेत, हे का ते नाही.

घेताना ३० मिलिॲम्पिअरची घ्या. १०० किंवा ३०० ची स्वस्त मिळाली तरी ती माणसासाठी नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा. आणि तिची एक मर्यादा ध्यानात ठेवा: लाकडी स्टुलावर उभं राहून कुणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर तिला तो माणूस म्हणजे बल्बच वाटतो. गेलेलं सगळं परत येतंय, हिशेब जुळतोय, ती पडणार नाही.

जुन्या घरात आरसीसीबी बसवली की कधी कधी ती सारखी पडते. वायरमन वैतागून म्हणतो, 'काढून टाकू, त्रास देतीय.' काढू नका. कुठंतरी गळती आहे, किंवा दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र जोडलेत, हेच ती सांगत असते.

घराबाहेर

शेतातल्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण आपली निम्मी मुलं संध्याकाळी शेतात जातात. रात्रीच्या पाळीला वीज आली की ओल्या पायांनी, अंधारात स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावणं हे वरच्या तिसऱ्या हिशेबापेक्षा वाईट. तिथं घरचे २३० नाहीत, दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर असतात. पेटीला अर्थिंग, पायात रबरी बूट, आणि पेटीसमोर कोरडी लाकडी फळी, एवढं तरी असावं. ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचाच; वीज कधी येईल आणि मोटर कधी फिरेल याचा नेम नसतो. डीपीवर चढून स्वतः फ्यूज टाकणं तर कुणीच करू नये, कितीही पीक वाळत असलं तरी. तिथं वर ११,००० व्होल्ट असतात. त्याला हात लागायचीही गरज नसते.

पावसाळ्यात खांबाजवळ किंवा ताण तारेजवळ गुरं दगावतात, माणूस मात्र तिथूनच चालत जातो. लोकांना नवल वाटतं. तार तुटून ओल्या जमिनीवर पडली की तिच्याभोवती जमिनीतच विभवांतर पसरतं, जवळ जास्त, लांब कमी. माणसाच्या दोन पायांत फूट-दोन फूट अंतर, बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फूट. जितकं अंतर जास्त तितकं पायांमधलं विभवांतर जास्त, आणि बैलाच्या बाबतीत करंटची वाट थेट हृदयावरून जाते. वर खुराला चप्पल नाही. म्हणून तुटलेली तार दिसली तर जनावरं आणि लेकरं लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. चुकून जवळ असाल तर ढांगा टाकत पळू नका, पाय जुळवून फरफटत बाहेर या.

आणि कपडे वाळत घालायची तार! पत्र्याच्या घरात ती लोखंडी तार खिळ्याला, खिळा पत्र्याला, आणि पत्र्यावरून सर्व्हिस वायर घासत गेलेली. वाऱ्यानं घासून तिचं वरचं आवरण गेलं की ओले कपडे टाकायला गेलेली बाई त्यात सापडते. नायलॉनची दोरी वीस-तीस रुपयांना मिळते. आज बदला.

शॉक बसलेल्याला आधी हात लावू नका

घरात असं घडलं तर धावत जाऊन ओढायचा मोह आवरा, नाहीतर एकाचे दोन होतात. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची, लाकडी पाट यांनी माणसाला वायरपासून ढकला. हे घरगुती विजेसाठी. खांबावरच्या मोठ्या लाइनीला काठीसुद्धा चालत नाही, तिथं वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच थांबायचं. मग १०८ ला फोन. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाच्या छातीवर साधारण दोन इंच खोल, मदत येईपर्यंत न थांबता. मातीत पुरणं, अंग चोळत बसणं यात मोलाची मिनिटं जातात. जरा वेळानं माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच.

वर्गात काय करता येईल

२३० व्होल्टचा कोणताही प्रयोग मुलांकडून करून घेऊ नका, हे पुन्हा सांगते. नऊ व्होल्टची छोटी बॅटरी, एक एलईडी, हजार ओहमचा एक रोधक आणि दोन खिळे एवढं पुरतं. दोन खिळे आधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा (औषधाच्या दुकानात किंवा गॅरेजवर मिळतं, नाव नीट सांगून मागा, नाहीतर ॲसिड हातात देतील), मग शाळेच्या बोअरच्या पाण्यात, मग चिमूटभर मीठ टाकून. एलईडीचा उजेड वाढत जाताना मुलं स्वतःच सांगतात काय झालं ते. मग एका पेल्यात वाळलेली काळी माती भरा, खिळे खुपसा. उजेड नाही. थोडं थोडं पाणी घाला.

मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन टोकांना कोरड्या बोटांनी धरून रोध बघा, मग बोटं मिठाच्या पाण्यात बुडवून बघा. आकडा किती कोसळतो ते पाहून वर्ग गप्प होतो. मात्र मीटर ओहमवर असताना त्याची टोकं प्लगमध्ये जाता कामा नयेत, म्हणून मी मीटर मुलांच्या हाती एकटं देत नाही.

आणि गृहपाठ: घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूचा प्लग नुसता बघायचा, हात न लावता, आणि दोन पिन की तीन ते वहीत लिहायचं. माझ्या वर्गात चाळीसपैकी किती जणांनी 'कूलर: दोन पिन' लिहून आणलं हे सांगत नाही, तुम्ही तुमच्या वर्गात करून बघा.

त्या मुलाच्या घरी मी त्याच संध्याकाळी गेले. हिरवी वायर कापलेलीच होती. वडिलांना हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून तीन पिनचा प्लग, अर्थिंगची जोडणी आणि आरसीसीबी असं सगळं बसवून घेतलं. दोन दिवसांनी मुलगा वर्गात आला तो तक्रार घेऊनच. "मॅडम, ते नवीन बटण खराब हाय. कूलर लावला की लगेच पडतंय. आई म्हणती, मॅडमचं ऐकलं अन् कूलर बंद पडला."

वायरमनला पुन्हा बोलवायला सांगितलं. कूलरच्या पाण्यातला छोटा पंप आतून गळत होता, अख्खं पाणी विजेचं झालेलं. दोन-तीनशे रुपयांचा नवा पंप बसवला. त्यानंतर ते बटण पडलं नाही.